रवा

तुटलेली रिंग टेबलावर आली तेव्हा
आडनाईक साहेब काहीच बोलले नाहीत.
पेनाच्या टोकानं तुकडा फक्त माझ्याकडे ढकलला.
कठीणपणा एकोणसाठ. रिपोर्ट चोख.
गंजाचं नाव नाही, सतरा टक्के क्रोमियम आहे पोटात.
तरी पंपात बसवल्यावर चव्वेचाळीस तासांत
कचकन,
पापडासारखी.

वडणग्यात आमच्या गुऱ्हाळावर
असल्या मालाला आप्पा म्हणायचे,
"कडक हाय, पण जीव न्हाई."

रात्री लॅबमध्ये मी एकटी.
नमुना घासला बाराशेच्या कागदापर्यंत,
मग मखमलीवर, तोंड दिसेस्तोवर.
पिक्रिक आम्लानं बोटं पिवळीधम्मक.
आई असती तर म्हणाली असती,
हळद तेवढीच लागली हिला.
सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर कार्बाइडचे खडे,
भाताच्या घासात दाताखाली येतात तसले,
रांगेनं, कणांच्या बांधावरच बसलेले.
भेग अशाच बांधावरून चालत जाते.
तिला कुणाला वाट विचारावी लागत नाही.

पोलाद कडक करणं सोपं आहे.
तापवा, तेलात बुडवा, उणे ऐंशीला गोठवा.
कडक तर कुणीही होतं.
मार खाऊन न तुटणं, तो चिवटपणा,
कुठल्या कोष्टकात सरळ सापडत नाही.

नायोबियम.
इलाही चाचांची जीभ या नावावर अडखळते.
ते त्याला 'निवबा' म्हणतात,
गल्लीतल्या कुणा पोराला हाक मारावी तसं.
अडीचशे किलोच्या भट्टीला दोनशे ग्रॅम.
वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देते मी,
वर तारीख, हीट नंबर.
चाचा पुडी तळहातावर तोलून हसतात,
"एवढ्यानं काय हुतंय गं पोरी?
रस्श्याला मीठ ह्याच्यापेक्षा जास्त लागतंय."

एवढ्यानंच होतं.
काहिलीत रस उकळायला लागला की आप्पा
रानभेंडीचं चिकट पाणी ओतायचे,
काहिलभर रसाला मूठभर पाल्याचं,
आणि सगळा मळ काळी साय होऊन वर यायचा.
जास्त पडली तर गूळ चिकट. कमी पडली तर काळा.
माप कुठं लिहिलेलं नव्हतं,
त्यांच्या मनगटात होतं.

माझ्या मनगटात नाही. म्हणून मी वही ठेवते.

तिसरी हीट : निवबा कमी पडला, खडे जागच्या जागी.
पाचवी : जास्त झाला,
आणि तोच खडा होऊन बसला,
कोनाकोनांचा, गुलाबी, भांडखोर.
सहाव्या रात्री शिरोलीची लाइट गेली,
पोलाद भट्टीतच थिजलं,
चाचांनी बिडी पेटवली
आणि उजाडेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

नववी.
लंबकाचा हातोडा सुटला, नमुन्यातून गेला,
पलीकडे चढला, पण नेहमीपेक्षा कमी चढला.
आवाज ओल्या फांदीचा होता असं म्हणता येणार नाही,
पण काचेचा नव्हता.
नऊ जूलवरून चौदा.
दुसराही चौदा.
तिसरा दहा.
तो दहाही मी रिपोर्टात लिहिला.
साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.
मी खोडला नाही.

रविवारी एक तुकडा पर्समध्ये टाकून वडणग्याला नेला.
गुऱ्हाळ बंद होऊन सात वर्षं झाली,
काहिलीत आता म्हशीचं पाणी असतं.
आप्पांना नीट दिसत नाही.
तुटलेली बाजू त्यांनी अंगठ्यानं चाचपली,
मार्केट यार्डात ढेप फोडून व्यापारी चाचपायचा तशी,
सावकाश, भाव ठरायच्या आधीची.

"रवा बारीक पडलाय," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"भेंडी किती घातलीस?"
मी सांगितलं.
"अजून रतीभर कमी करून बघ."

आणि तुकडा बंडीच्या खिशात टाकला,
परत दिला नाही.